बाणाच्या पुढची चाळीस पावलं

भाऊ, तुमच्या कोपऱ्यात पाणी साचलं.

परवा सकाळी मी स्टेडियममध्ये शिरलो तेव्हा पाऊस थांबून तासभर झाला असेल. मैदानावर वाफेसारखं काहीतरी तरंगत होतं. समोरची गॅलरी, तिच्या निळ्या खुर्च्या, वरचं पांढरं छत, सगळं अर्धं पुसल्यासारखं दिसत होतं. आणि तुम्ही नकाशावर बोट ठेवलं होतंत त्याच कोपऱ्यात, कॉर्नरच्या झेंड्यापासून पेनल्टीच्या चौकटीपर्यंत, पाणी. त्यात फ्लडलाइटचा खांब उलटा उभा होता, आणि त्याच्या दिव्यांमधून सहा-सात बगळे सावकाश पाय उचलत चालले होते. मला वाटलं, मी अजून जागा झालेलो नाही. मग वाटलं, खेळाडू येतात त्या बोगद्यातून आता तुम्ही चुन्याची बादली घेऊन बाहेर याल आणि म्हणाल, "पाह्य गा विलास, आली का नाही माह्या बापाची धानाची बांधी?"

तुम्ही आला नाहीत. महिन्यापूर्वी तुमच्या तेरवीला जेवून आलेला मी, तरी थोडा वेळ बोगद्याकडे बघत राहिलो.

लोक तुमच्याबद्दल बोलतात तेव्हा तीस-पस्तीस वर्षं मैदान सांभाळलं असं म्हणतात. टेकभाऊ म्हणजे मैदानाचा चौकीदार, असंही म्हणतात. मला ते पटत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही. मी कॉलेजात असताना इथे फुटबॉल खेळायला यायचो तेव्हा कुंपण नव्हतं, एक खोली होती. त्या खोलीत जाळ्या, चुना, दोन पावडे आणि तुम्ही. आम्ही सामना हरलो की तुम्ही काही बोलायचा नाहीत. जिंकलो की म्हणायचात, "मैदान चांगलं होतं म्हणून जितले."

एकदा आपण अर्जुनीला सामना हरून ट्रकच्या मागे बसून परत येत होतो. इटियाडोह धरणाच्या कालव्यापाशी ट्रक थांबवला. ऊन कललं होतं आणि कालव्याचं पाणी इतकं संथ होतं की चालतंय का थांबलंय ते कळत नव्हतं. तुम्ही काठावर बसून मनगटापर्यंत हात पाण्यात घातलात. मी सेल्फ गोल केला होता, म्हणून एकटाच बाजूला उभा होतो. तुम्ही मला हाक मारून हात पाण्यात घालायला लावला. म्हणालात, "हे पानी उद्या कोनाच्या तरी बांधीत पोचन. त्याले माहीतबी नाही का तू आज काय केलं." मी हसलो. सांत्वन करायची तुमची पद्धत अशी पाण्यावरून फिरून यायची.

आणि ती रोवणी. मैदानावर गवत धरत नव्हतं तेव्हाची. तुम्ही तुमच्या गावच्या बाया आणल्यात, दुबीच्या, म्हणजे हरळीच्या, जुड्या भिजवून ठेवल्यात, आणि धानाची रोवणी करतात तशी गवताची रोवणी लावलीत. पंधरा बाया वाकून, मागे मागे सरकत, एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत. झिमझिम पाऊस, गाणं चालू, आणि पाणी भरलेल्या मैदानात दोन गोलपोस्ट उभे. मी बांधावर छत्री घेऊन उभा होतो. आजही डोळे मिटले की ते चित्र आधी येतं. एक म्हातारी कमर सरळ करत विचारून राहिली होती, "टेकचंद, याले लोंब कवा येते गा?" आणि तुम्ही म्हणालात, "याले लोंब नाही येत मावशे, गोल येते."

मग मी इंजिनियर झालो, बदल्या होत होत परत गोंदियाला आलो, आणि त्याच जागेवर नवं स्टेडियम बांधायचं काम माझ्याकडे आलं. तुम्हाला सांगायला मी पेढे घेऊन आलो होतो. तुम्ही पेढा खाऊन विचारलंत, "पानी कुठं सोडशीन?" खुर्च्या किती, दिवे किती, छत कसं, काही नाही. पाणी कुठं. मला तेव्हाच थोडा राग आला होता, भाऊ. कबूल करतो.

तुमच्या वडिलांची बांधी म्हणजे धानाचा तो शेवटचा तुकडा होता, मैदानासाठी गेलेल्या जमिनीतला सगळ्यात खालचा, आजचा हाच कोपरा. वरच्या सगळ्या बांध्यांचं पाणी धुऱ्याधुऱ्याने, बांधाबांधाने उतरत तिच्यात यायचं आणि तिथून आताच्या भिंतीपलीकडच्या नाल्यात जायचं. हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत. मला ते पाठ होतं. मला सारसांची ती जोडीसुद्धा पाठ होती, तुमच्या लहानपणी त्या बांधीत उतरायची ती.

ज्या दिवशी मी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता, त्या दिवसाबद्दल आता लिहितो. आजवर टाळलं.

कंत्राटदार होता, त्याचे दोन सुपरवायझर होते, चहा आला होता. मी तुम्हाला कौतुकाने दाखवत होतो. गवताखाली वाळू, वाळूखाली खडी, खडीत भोकं पाडलेले पाइप, सगळे पाइप येऊन त्या कोपऱ्यातल्या चेंबरमध्ये मिळतात, आणि चेंबरमधून एक मोठा पाइप भिंतीखालून बाहेर. तुम्ही वाकून बघत होतात. तुमचं बोट त्या मोठ्या पाइपावरून सरकत भिंतीबाहेर आलं आणि थांबलं. तिथे मी एक बाण काढला होता. बाणाशेजारी लिहिलं होतं, अस्तित्वातील नाल्याकडे.

"याच्या पुढं काय आहे?"

"नाला आहे ना, भाऊ."

"नाला चाळीस पावलं दूर आहे. मंधात माती आहे."

"होईल ते नंतर."

"बाण तर काढला गा. पानी बाण पाहून जाते का?"

एक सुपरवायझर हसला. तो तुमच्या बोलण्यावर हसला होता, पण मला वाटलं माझ्यावर हसला. मी म्हणालो, "भाऊ, ही रोवणी नाही. इंजिनियरिंग आहे." मग सगळेच हसले. तुम्हीही हसलात. चहाचा कप बॉनेटवर ठेवलात, नकाशावर नाही, आणि चुना आणायचा आहे म्हणून निघून गेलात.

भिंतीबाहेरची ती पट्टी दुसऱ्या खात्याची होती. तिथे नाली खोदायची तर परवानगी लागणार, परवानगीला महिने लागणार, आणि उद्घाटनाचा दिवस ठरलेला. म्हणून मी बाण काढला. नंतर कोणीतरी करेल, असं मनात धरलं. पुढे मी ते विसरलो, असं लिहिणार होतो. पण विसरलो नव्हतो, भाऊ. विसरल्यासारखं केलं.

उद्घाटनाच्या आधी एका दुपारी मी तुम्हाला सगळं स्टेडियम फिरवून दाखवलं, ते आठवतं? आत कोणी नव्हतं. तुम्ही ड्रेसिंग रूमच्या दारात चपला काढल्यात. फरशी इतकी गुळगुळीत होती की तुम्ही भिंतीला हात लावत चाललात. गरम पाण्याचे शॉवर सोडून पाहिलेत. मालिश करायच्या पलंगावर हात फिरवून म्हणालात, "दवाखाना होय का?" बर्फाचा टब पाहून थांबलात.

"यात काय करते?"

"सामना झाला की बर्फात बसतात. थकवा जातो."

"आमी बोडीच्या पान्यात बसत होतो. म्हशीसंगं."

मग आपण बोगद्यातून बाहेर आलो. अंधाऱ्या बोगद्यातून एकदम ते हिरवं मैदान समोर आलं. गवत कुठून तरी गुंडाळ्या करून आणलेलं, सतरंजीसारखं अंथरलेलं. जमिनीतून फवारे आपोआप वर आले, गोल फिरले, त्यात एक इंद्रधनुष्य धरलं आणि सुटलं. मैदानाकाठच्या काचेच्या छपराखाली खुर्च्या होत्या. तुम्ही विचारलंत, "इथं कोन बसते?" मी म्हणालो, राखीव खेळाडू. "मंग मी बसतो," म्हणालात आणि बसलात. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पायात चपला नसलेले, किती तरी वेळ. मी शेजारी बसलो. पाण्याचे थेंब उडून आपल्यापर्यंत येत होते. मला वाटलं होतं, तुम्ही खूश आहात. कदाचित होताही. कोपऱ्याकडे एकदाच बघितलंत.

निघताना तुम्ही जुन्या खोलीतलं सामान मला मोजून दिलंत, कारण खोली पाडायची होती. जाळ्या, रोलर, चुन्याची फक्की. शेवटी म्हणालात, "एक पावडा ठेवून घेऊ का गा?"

मी म्हणालो, "घ्या ना. आता पावड्याचं काम काय इथं?"

नव्या व्यवस्थेत तुम्हाला घ्यायचं म्हणून मी पत्र लिहिणार होतो. लिहिलं नाही. तुम्ही आत असलात की रोज तो कोपरा दाखवाल, याची मला भीती होती, हे एवढं साधं कारण. उद्घाटनाला तुम्ही आलात तेव्हा गेटवरचा गार्ड म्हणाला, "चाचा, पास दिखाओ." मी पंधरा हातांवर होतो, पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होतो. मी बघितलं. तुम्हीही मला बघितलंत. मग तुम्ही हात वर करून, असू दे अशी खूण केलीत आणि माघारी फिरलात. त्या खुणेसाठी मी तेव्हा तुमचे मनातल्या मनात आभार मानले होते. आज ती आठवली की जेवण जात नाही.

मागच्या पावसाळ्यात सलग तीन दिवस पाऊस लागला. मी चौथ्या दिवशी सकाळी धावत कोपऱ्याकडे गेलो. कोरडा. बूट रुतत नव्हता. मी तिथेच उभं राहून तुम्हाला फोन लावला.

"भाऊ, तुमच्या कोपऱ्यात थेंब नाही."

"बरं झालं गा."

"मानता का आता?"

तुमच्या मागे कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, पन्हाळीचा असेल.

"मानलो ना," तुम्ही म्हणालात. "शिकला-सवरला मानूस तू. तुह्या पाइपानं केलं."

त्याच संध्याकाळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर मी ते सगळ्यांना सांगितलं. टेकभाऊ म्हणत होते बुडेल, बुडेल. तुम्ही तिथेच होतात, बाकावर. गुडघ्यापर्यंत चिखल, नखं काळी. मी गमतीने विचारलं, "काऊन भाऊ, अजून रोवणी चालूच आहे का?"

"थोडी राहिली होती," तुम्ही म्हणालात आणि बशीत चहा ओतलात.

या वर्षी मृग लागला, आणि एका दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. पहिले दोन-चार पाऊस हलके गेले. परवाचा जोरात होता.

पाणी पाहून मी आधी चेंबर उघडलं. काठोकाठ भरलेलं. म्हणजे पाइप बाहेर तुंबला होता. मी भिंतीला वळसा घालून बाहेर गेलो. भाऊ, इतक्या दिवसांत त्या बाजूला मी पहिल्यांदा गेलो. नकाशात बाण काढलेल्या जागी मी पहिल्यांदा उभा राहिलो.

तिथे एक नाली होती.

पाइपाच्या तोंडाशी माती ढासळून बसली होती, मधे गवत वाढलं होतं, पण नाली होती. हातभर रुंद. एका जुन्या मोहाच्या खोडाला वळसा घालून गेलेली, कारण पाण्याला तिथून जायला सोपं होतं. दोन्ही काठ पावड्याच्या पाठीने थापलेले, धुरा थापतात तसे. पाइपाखाली पाणी पडून खड्डा होऊ नये म्हणून चार चपटे दगड बसवलेले. मी तिच्या काठाने नाल्यापर्यंत चालत गेलो. मोजायचं नव्हतं, पण पाय मोजत होते. चाळीस.

काल तुमच्या घरी, वहिनींकडे गेलो. त्या ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं आणि त्यांनी मान वर न करता सांगितलं, जणू मला माहीतच असणार.

"पानी आलं का जाऊन राहत होते ना. युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घ्यायची आन् चालले. मी म्हणो, कायले जाता या वयात? त्याईचं स्टेडियम, त्याईले पाहू द्या. तर म्हणत, विलासनं केलं हाये, त्याचं नाव खराब होईन."

"मला का नाही सांगितलं, वहिनी?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमाले लाज वाटली असती." मग पहिल्यांदा वर बघून म्हणाल्या, "आता वाटून राहिली ना?"

त्या उठल्या आणि दारामागून पावडा आणला. दांडा हातांनी गुळगुळीत झालेला. त्यावर अजून जुन्या मैदानाचा लाल रंगातला नंबर. "हा तुमचाच होय. घेऊन जा. घरात दिसला का मले त्याईच्या पायाचा आवाज येते."

पुढच्या आठवड्यात सामने आहेत आणि कोपऱ्यात बगळे. वरून माझ्याकडे खुलासा मागवला आहे, पाणी का साचलं म्हणून. कंत्राटदार काल माझ्या टेबलाशी येऊन बसला. चांगला माणूस आहे, त्याने मला वाचवायलाच सांगितलं. "साहब, अतिवृष्टी लिख दो. बात खतम." पेन हातात होतं. अतिवृष्टी हा शब्द लिहायला सोपा आहे, आणि पाऊस खोटं म्हणायला येणार नाही. मी 'अ' लिहिला. समोर माझाच नकाशा पसरलेला होता आणि बाणाच्या पुढे कागद कोरा होता.

आज सकाळी मी खुलासा देऊन आलो. त्यात लिहिलं आहे की भिंतीबाहेरची नाली मी कधी बांधलीच नाही, तिच्या जागी बाण दाखवला. श्री. टेकचंद यांनी हे काम चालू असतानाच सांगितलं होतं, आणि मी चारचौघांत त्यांची थट्टा केली. मागच्या वर्षी मैदान कोरडं राहिलं ते त्यांनी एकट्याने खोदलेल्या नालीमुळे. तुमच्या नावापुढे पद लिहायचं होतं. शेवटी लिहिलं, मैदान राखणारे. माझ्या वरच्या साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, "ये सब लिखना ज़रूरी था क्या?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. आता माझं काय होईल ते ठरेल त्यांच्याकडे. घरी बायकोला सांगितलं आहे. ती म्हणाली, जेवून घ्या.

जेवलो नाही. पावडा घेऊन नाल्यावर गेलो.

तुम्ही रोवणीच्या वेळी शिकवलं होतं, पाणी काढायचं असेल तर खालून सुरू कर, वरून उघडलं तर तुह्याच अंगावर येईन. म्हणून नाल्याकडून सुरुवात केली. परवानगी नव्हती, भाऊ. तुमच्याकडे तरी कुठे होती. हात सोलले. मोहाच्या खोडापाशी थांबून बसलो तेव्हा ढग खाली आले होते आणि भिंतीच्या वर छताची पांढरी कड तेवढी दिसत होती, कुठलाही आधार नसल्यासारखी. आत एवढं मोठं स्टेडियम आहे, शॉवर आहेत, बर्फाचा टब आहे, चार खांबांवर दिवे आहेत, आणि ते सगळं हातभर रुंदीच्या नालीवर उभं आहे, हे तुम्हाला वर्षभर एकट्यालाच माहीत होतं. इथे पावसात बसून तुम्ही काय विचार करत असाल? माझा फोन आला तेव्हा तुम्ही इथेच होतात. ती पन्हाळ नव्हती. तुमच्या एका हातात पावडा असणार, आणि दुसऱ्या हातातल्या फोनमधून मी विचारत होतो, मानता का आता.

दुपारी पाइपाच्या तोंडाशी पोचलो. ढासळलेल्या मातीत पावडा घातला, ओढला. आधी काहीच झालं नाही. मग मातीचा गोळा हलला आणि पाणी आलं. तुमच्या चार दगडांवर पडलं, माझ्या पायांमधून गेलं, मोहाला वळसा घालून गेलं. मी मागे वळून बघितलं तेव्हा ते नाल्यापर्यंत पोचलेलं होतं.

मी आत आलो. गेटवरच्या गार्डने माझे चिखलाचे पाय बघितले आणि काही विचारलं नाही. बोगद्यातून जाऊन त्या काचेच्या छपराखाली बसलो, तुम्ही बसला होतात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर. समोर कोपऱ्यातलं पाणी हळूहळू काठ सोडत होतं. उलटा खांब आखूड होत गेला. बगळ्यांना कळलं. एकेक करून उठले आणि छतावरून धानाच्या बांध्यांकडे गेले. खाली दूब दिसायला लागली.

तुम्ही त्या दिवशी फोनवर माझ्यासाठी म्हणाला होतात तो शब्द माझा होता. मी म्हणायचा होता, जीपपाशीच, चहा गरम असताना.

मानलो, भाऊ.